शेवटचा रकाना

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सगळं ठीक आहे’ असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला वर दिसतच असेल. दुसरा कागद घ्यायचा आळस केला असं समज.

एकोणीस वर्षांत तुला हे माझं पहिलं धड पत्र. मधे दोन कार्डं टाकली होती, एक माझ्या लग्नाचं आणि एक अण्णा गेल्याचं. तू दोन्ही वेळा आली नाहीस आणि का आली नाहीस ते मीही विचारलं नाही. असो. तू आता मोठ्या कारखान्यात कामगारांचे वर्ग घेतेस, अडचण कशी सोडवायची ते शिकवतेस, असं कानावर आलं. मला हसू आलं. अण्णांनी आपल्याला शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात टपल्या मारून जे शिकवलं, ते तू फळ्यावर लिहितेस तर. म्हणून तुलाच लिहितोय. माझ्याकडे एक बिघाड आलाय आणि तो मला सापडत नाही.

बिघाड माझ्या मुलीत आहे. ठकी बारा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. बावीस दिवस झाले, ती बोलत नाही.

रुसलेली नाही, रडतही नाही. जेवते, शाळेत जाते, परत येऊन दुकानातल्या तिच्या स्टुलावर बसते, बॉबिनी भरून देते. फक्त तोंडातून शब्द नाही. अगं, या पोरीच्या तोंडाचा पट्टा थांबावा म्हणून आम्ही हात जोडायचो. आता दुकानात मशीन बंद केलं की इतकी शांतता होते की मी उगाच पुन्हा पायडल दाबतो.

मी अण्णांच्या पद्धतीनेच गेलो. मशीन समोर आलं की पहिला पाव तास हात मांडीखाली, आठवतं ना? मी तीन दिवस हात मांडीखाली ठेवले आणि नुसतं पाहिलं. मग ‘काय झालं’ न विचारता ‘कधीपासून’ ते शोधलं. सोमवार, दहा फेब्रुवारी. मग आधी सोपं ते तपासायचं, कारण निम्म्या बिघाडांत सुईच उलटी बसवलेली असते. घशाच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं, घसा स्वच्छ. कान बरे, दात बरे. शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, सगळं लिहून देते, कोणी छळत नाही, उलट मैत्रिणी तिच्या वाटचं बोलतात.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. तिचा पलंग खिडकीशी नेला, दोन दिवस थांबलो. फरक नाही. परत होता तिथे आणला. आठवडाभर दुकानात येऊ दिलं नाही. फरक नाही. मग येऊ दिलं.

परवा रविवारी मात्र धीर सुटला. एकाच दिवसात दुसरा डॉक्टर केला, तिच्या मावसभावंडांना बोलावलं, तिला रागावलो, तिच्यापुढे हात जोडले आणि शेवटी जेवताना ताट आपटलं. तिने सांडलेलं पुसून घेतलं. पाच स्क्रू एकदम फिरवले मी, ताई. आता यातल्या एखाद्याने काही हललं असलं तरी कशाने हललं ते कळायचं नाही. तू असतीस तर बोटांवर फूटपट्टी मारली असतीस आणि बरंच झालं असतं.

तिची आई रोज संध्याकाळी मला एकच विचारते, तुम्हाला खरंच काही माहीत नाही? मी नाही म्हणतो.

दुकानात अजून अण्णांचंच कार्ड चालवतो. प्रत्येक मशीनला दोऱ्याने बांधायचं, त्यावर चार रकाने: तक्रार, कधीपासून, काय बदललं आणि शेवटचा हात, म्हणजे मशीन शेवटी कोणी उघडलं ते. ठकीचं कार्ड लिहिलंय, ते सोबत पाठवतोय. तू दुरून बघ. माझं डोकं चालेनासं झालंय. माझं काय सुटतंय तेवढं कळव, पण लवकर कळव. मला तिचा आवाज आठवेनासा होईल अशी भीती वाटते.

तुझा धाकटा


सोमवार, १७ मार्च

ताई,

कार्ड परत मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. काही नव्हतं. कार्डावर शेवटच्या रिकाम्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, बस्स. अण्णाही असंच करायचे आणि मग दिवसभर बोलायचे नाहीत.

तो रकाना मी विसरलो नव्हतो. तुलाही ते कळलंच असेल.

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याची चाळीस मशीनं माझ्याकडे आहेत. माझं दुकान म्हणजे तीच. फेब्रुवारीत त्यातलं एक आलं, टाके सोडत होतं. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी हवं होतं. मी हात मांडीखाली ठेवले नाहीत. सुई बदलली, शटल बदललं, टायमिंग हलवलं, सगळं एका बैठकीत. नीट दिसावं म्हणून सुईपुढची जाळी काढली. ती दोन बोटं रुंद तारेची जाळी, शिवणारीचं बोट सुईखाली जाऊ नये म्हणून असते ती. मशीन सुंदर चालायला लागलं. मी खूश झालो आणि पाठवून दिलं. जाळी माझ्या स्क्रूच्या ताटलीत राहिली.

शनिवारी त्या मशीनवर कॉलरवाली मावशी बसली होती. तिला कारखान्यात सगळे असंच म्हणतात, वीस वर्षं ती कॉलरीच शिवते. सुई तिच्या तर्जनीच्या नखातून गेली आणि हाडात मोडली.

रविवारी ठकीची आई माहेरी गेली होती. आम्ही दोघंच जेवत होतो. मी ठकीला सांगितलं की उद्या कारखान्याची माणसं विचारायला येतील. चूक माझी निघाली तर चाळीसच्या चाळीस मशीनं जातील, दुकान बंद होईल. पण लहान पोराच्या हातून झालं म्हटलं की कोणी काही म्हणत नाही. तू एवढंच म्हण, मी खेळताना जाळी काढली.

ती म्हणाली, “पण बाबा, मी नाही ना काढली?”

मी म्हणालो, “मला माहीत आहे गं. म्हणून तर तुला काही होणार नाही.”

हे मी म्हणालो, ताई. वर तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, तर मी तिला दुरुस्त केलं. असं नाही, खाली बघून म्हण, म्हणजे खरं वाटेल.

सोमवारी सुपरवायझर बाई आल्या. सोबत मावशी होती, हाताला हे एवढं बँडेज. बाईंनी विचारलं. ठकीने खाली बघितलं आणि म्हणाली, “हो. मी काढली.” मावशीने चांगल्या हाताने तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, असू दे गं बाळा, लेकरू आहेस, पण पुन्हा मशीनला हात लावू नकोस हं. ठकीने मान हलवली. त्यानंतर ती बोललेली नाही.

हे मला बावीस दिवस ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिचा पलंग हलवत होतो.

आता तुझ्या मशीनचं, एकोणीस वर्षांपूर्वीच्या. चपलांच्या कारखान्याचं ते मोठं काळं मशीन, ज्याचा दांडा मोडला. तू जेवायला गेली होतीस आणि ते मी उघडलं होतं. खूण न करता टायमिंग हलवलं, मग जमेना म्हणून तसंच बंद करून ठेवलं. त्यानेच दांडा मोडला. कार्डावर सगळं तुझं अक्षर होतं, शेवटचा रकाना रिकामा. अण्णांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माहीत होतं. तू फक्त वाट बघत होतीस. मी खाली पाहिलं. बघ, ठकीला शिकवायला मी फार लांब गेलो नाही.

तू एक शब्द बोलली नाहीस आणि अण्णांनी त्यालाच कबुली समजून तुला दुकानाबाहेर काढलं. त्यानंतर महिनाभर तू घरात होतीस, कोणाशी बोलत नव्हतीस. आई म्हणायची, रागावलीय, निवळेल. मग तू बॅग घेऊन गेलीस आणि दुकान मला मिळालं.

तुझं कार्ड आलं त्या शुक्रवारी मी लाल वर्तुळात माझं नाव लिहिलं. जाळी खिशात घालून कारखान्यात गेलो आणि मशीनं चालू असतानाच सगळ्यांसमोर सांगितलं. निम्म्या जणींना ऐकू आलं नाही, म्हणून बाईंनी मशीनं बंद करायला लावली आणि मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं. एक तारखेपासून मशीनं दुसऱ्या मेकॅनिककडे जाणार, ते बाईंनी तिथेच सांगून टाकलं. त्यांचं काही चुकलं नाही. मावशीने बोट पुढे धरून दाखवलं. तिचं बोट आता वाकत नाही, तिला कॉलरीवरून बटणांवर बसवलंय. मग म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा. पण त्या पोरीला मी मशीनला हात लावू नको म्हटलं होतं. तिला सांगा, लाव म्हणावं.”

घरी आलो आणि दोघींसमोर कार्ड वाचून दाखवलं, मावशीचा निरोपही सांगितला. ठकीची आई ताटावरून उठून आत गेली. ती तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण त्या बिघाडाचं कारण मला कोणाला विचारायला नको. ठकीने कार्ड हातात घेतलं. किती तरी वेळ वाचत होती. मग दप्तरातून पेन्सिल काढली. मला वाटलं, आता काहीतरी लिहील. तिने ‘कधीपासून’च्या रकान्यातलं ‘१० फेब्रुवारी, सोमवार’ खोडलं आणि ‘९ फेब्रुवारी, रविवार’ लिहिलं. कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

मी चुकीच्या दिवसापासून मोजत होतो. कारखान्याची माणसं आली तेव्हा नाही, जेवताना ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली आणि मी तिला खाली बघायला लावलं, तेव्हापासून.

आज छत्तिसावा दिवस. अजून शब्द नाही.

ताई, माझ्याकडची पद्धत इथे संपली. कारण सापडलं, नाव लिहिलं, आणि तरी मशीन चालत नाही. यापुढचं अण्णांनी शिकवलंच नाही, त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी तुला परत आणलं असतं. हा बिघाड आतून माहीत असलेलं माणूस मला एकच माहीत आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तू कर अगर करू नकोस. मला फक्त एवढं सांग. त्या महिनाभरात मी काय केलं असतं तर तू बोलली असतीस? आणि उशीर कोणत्या दिवशी झाला? तुला तो दिवस नक्की आठवत असेल. तो कळला तर माझ्याकडे किती दिवस उरलेत ते मला मोजता येईल.

सोबत दुसरं कार्ड आहे. चपलांच्या कारखान्याच्या मशीनचं. अण्णांच्या अवजारांच्या पेटीत तळाशी होतं, त्यांनी ते का ठेवलं असेल ते मला माहीत नाही. तुझ्या अक्षरातले तीन रकाने तसेच आहेत. चौथा मी आज भरलाय.

शेवटचा हात:
तुझा धाकटा भाऊ