तिकिटाची पाठ

४ जानेवारी, शनिवार

आईने बाबांचा पहिला अल्बम लॅमिनेट करून आणला.

हे लिहून पुन्हा वाचलं. खरंच आहे.

परवा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, आठवडाभर नजरेला ताण नको. तेवढ्यात आईने पोस्टाच्या तिकिटांची पानं सुटी केली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेली. "सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी बसून राहिली होती पानापानात. आता फडकं मारलं की साफ!" फडकं मारून दाखवलंसुद्धा. किती खूश होती. मी "हव, साफ झालं" म्हटलं.

५ जानेवारी

पुढच्या रविवारी नागपूरहून धर्मपाल काका येणार — बाबांचे रेल्वेतले सोबती. आता तिकिटं पारखतात, किंमत सांगतात. बाबांनी संग्रह आजवर बाहेरच्या कुणाला दाखवलेला नाही. रिटायर झाल्यापासून मात्र एकच घोकणं — जाणकाराने एकदा पाहावं.

मला अक्षरं बाबांनी तिकिटांवरूनच शिकवली, शाळेच्या आधी. चिमटा धरायला त्याच वेळी शिकले. "पहिले पाठ पाह्य, दीपू. समोरून तर सारेच राजे." पाठीवर डिंक शाबूत आहे का, कागद कुठे विरलाय का, वॉटरमार्क कोणता. मग म्हणायचे, "अन् तिकिटाबद्दल खोटं बोलायचं नाही. जे आहे ते सांगायचं."

आता पाठच उरली नाही. प्लास्टिकमध्ये चिकटलेल्या तिकिटाला कोण विचारतो?

दुसरा अल्बम कपाटात आहे. आजोबांनी नागपुरातून आणलेली बोधिवृक्षाची तिकिटं त्यात. तो तरी वाचला.

६ जानेवारी

समता कॉलनीत बाबांच्या डोळ्यांच्या क्लिनिकजवळच्या दुकानातून एक साधं तिकीट लॅमिनेट करून घेतलं. घरी कोमट इस्त्री फिरवली, चिमट्याने प्लास्टिक सोललं. रंग प्लास्टिकवर गेला. हातात पांढरा कागद!

दुकानवाल्याला विचारलं होतं आधीच. "दीदी, लगाने की मशीन है. निकालने की नहीं आती."

७ जानेवारी

बाबा डोळे मिटून पडल्या पडल्या — "ते उलट्या वॉटरमार्कचं वर काढून ठेव. धर्मपालले तेच दाखवू आधी."

पहिल्या अल्बममधलं. समोरून अगदी साधं, पण छापताना कागद उलटा गेलेलं, म्हणून दुर्मीळ. माझ्या लहानपणी बाबांनी काळ्या बशीत ते पालथं ठेवून बेंझिनचा थेंब टाकला होता, आणि कागदातून अशोकस्तंभाचे सिंह वर आले — डोकं खाली, पाय वर. मी किती हसले होते. आता थेंब प्लास्टिकवरून घरंगळेल.

"ठेवते," म्हटलं. खोटं नाही. खरंही नाही.

८ जानेवारी

आईला सांगितलं तर ती मोडेल. बाबांना सांगितलं तर ते. आजही काही केलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

काल पट्टी निघाली. आज बाबांनी अल्बम मागितला. आईनेच आणून दिला, मिरवत.

बाबांनी पान हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवलं. पालथं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"काहून गप्प झाले? बिघडलं का माह्या हातून काही?"

"नाही वं," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, आता मी बोलायचं आहे. नाही आई, काही बिघडलं नाही — एवढंच.

मी खाली पाहिलं.

आई आत गेली.

११ जानेवारी

आई जेवत नाही. बाबांनी समजावलं, "धुळीपासून वाचले ना ते?"

"मले काय लहान पोट्टी समजता? दीपूचं तोंड पाह्यलं मी. जल्मभर तुम्ही चिमट्याबिगर बोट लावलं नाही त्याले, अन् म्या शहाणीनं…"

दोघं एकाच पलंगावर, दोन टोकांना.

उद्या काकांना दुसरा अल्बम दाखवू. तो पाहून बाबांना बरं वाटेल. मग आईलाही, कदाचित.

१२ जानेवारी, रविवार

स्टेशनवरून काकांना घेऊन आले. दार आईने उघडलं — डोळे सुजलेले, पण हसत होती. कपाट उघडं. दुसरा अल्बम नाही.

"हे घेऊन गेले आत्ताच, दुकानात. म्हणे, तुह्या हातचा एवढा छान झाला, तर दुसरा काहून मागं ठेवायचा?"

"लॅमिनेट?" काकांनी मला विचारलं.

दुकान कोपऱ्यावरच आहे. धावले असते तर गाठलं असतं.

मी चहा ठेवला.