संध्याकाळचा आकडा

सुराबाया, १४ मार्च

ती. आईस, सलाम वि. वि.

गुडघ्याचे आकडे पोचले. रमजानआधी दहापैकी सात दुखायचा, आता रोज तीन. आम्ही प्रयोगशाळेत हेच तपासतो. चरबीतलं एक संप्रेरक सांध्याची सूज भडकवतं; पोट रिकामं असलं की भुकेची संप्रेरकं दुखणं दाबतात. तू चार किलो उतरलीस, म्हणून मला तीन पटला. सुजेच्या गोळ्या दोनाची एक केलीस तरी चालेल.

तुझी वेनिंग

लासेम, १९ मार्च

चि. वेनिंगला, अनेक आशीर्वाद.

एक कशाला, दोन्ही सोडल्या. शेजारची मुर्तिनी म्हणते, तुझी लेक डॉक्टर नाही तेच बरं, फी लागत नाही. बातिकच्या कापडावर मेण सोडायची पळी ठेवून मी मशिदीतल्या इफ्तारच्या नगाऱ्याची वाट बघत बसते, तेव्हाच आकडा लिहिते. त्या वेळी गुडघा अगदी गुणी असतो. पहाटे लाकूड होतो, पण ते वयाचं. ईदनंतर हजला जाण्याआधीची शेवटची वैद्यकीय तपासणी आहे, तिथे हीच वही दाखवीन. तेरा वर्षांनी नंबर लागलाय.

आई

सुराबाया, २३ मार्च

ती. आईस, सलाम वि. वि.

चूक माझी आहे. किती दुखतं ते विचारलं, केव्हा ते नाही. त्या वेळी तू दिवसभराची उपाशी असतेस. भूक दुखणं झाकते, सूज तशीच राहते. गोळ्यांबद्दल बोलायचा मला अधिकारच नव्हता; पत्र मिळताच डॉक्टरांना विचारून सुरू कर. पहाटेचाही आकडा लिही. तो दाखवलास तर कदाचित हजच्या यादीतून तुझं नाव कापतील. नाही दाखवलास तर मक्केच्या उन्हात तू कुठेतरी बसून राहशील आणि मी इथे. हे पत्र दोनदा फाडलं.

वेनिंग

लासेम, ९ एप्रिल

चि. वेनिंगला, अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी रोजे असतानाच गोळ्या सुरू केल्या, इफ्तारला एक, पहाटे सहरीच्या जेवणाला एक. ईदला मुर्तिनीने खोबऱ्याच्या रश्श्यातली कोंबडी पाठवली. अर्धीच खाल्ली, ती अजून रुसलीय.

तपासणी उद्या आहे. कापडावर नको तिथे पडलेला मेणाचा थेंब मी तुला कधी लपवू दिला नाही, मग वहीतला मी कसा लपवू? नवीन पान केलंय. पहाटेचा आकडा सहा, संध्याकाळचा तीन. पहाटेचा वर लिहिलाय, म्हणजे आधी तोच दिसेल. नाव कापलं तर स्वतःला बोल लावत बसू नकोस. नाही कापलं तर चाकांची खुर्ची मागेन, लाज वाटणार नाही.

माया वाढती असू दे. वजनाचं मी बघते.

आई