एक मागणी, अजून न उचललेली

मी, चौकातल्या फोटो-फ्रेमच्या दुकानाची मालकीण, नगरपालिकेतल्या विरोधी गटाची अध्यक्ष आणि आता जवळजवळ सगळा गटच, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. वय अठ्ठ्याहत्तर. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते कायम समोरच्या पक्षाला मत देतात, तेव्हा त्यांनी माझी बाजू घेतली असं कोणी म्हणणार नाही. छातीचं मात्र त्यांनी काही बरं सांगितलेलं नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असतं तर बरं झालं असतं.

कलम १. दुकान आणि त्यामागचं राहतं घर माझ्या मुलीला मिळावं. ती दूर असते, इथे राहायला येणार नाही, तेव्हा तिने ते खुशाल विकावं. मागच्या खोलीचं दार जरा वर उचलून मग ओढावं लागतं, एवढं नव्या मालकाला सांगावं. मुलगी दर रविवारी फोन करते. "आई, जेवलीस का?" विचारते. मी हो म्हणते. कधी कधी ते खरंही असतं.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिचीच. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर खुर्च्या कमी मांडाव्यात, म्हणजे सभागृह भरल्यासारखं दिसतं. पक्षाच्या सभांमधून मी एवढं नक्की शिकले.

कलम ३. काच कापायची हिऱ्याची लेखणी, कोन कापायची करवत आणि पट्ट्यांचे उरलेले नमुने समोरच्या फ्रेमवाल्याला द्यावेत. माझ्या काचेआड नवी फ्रेम लागली की आठवड्याभरात तशीच त्याच्याकडे लागते. त्याचे कोपरे अजून नीट जुळत नाहीत. निदान हत्यारं तरी बरी असू देत.

कलम ४. नगराध्यक्षांविषयी. त्यांच्या कपड्यांची घडी कधी मोडत नाही, म्हणून पक्षात आम्ही त्यांना 'इस्त्री' म्हणतो. त्यांनाही ते ठाऊक आहे. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, असं मी सभागृहात पहिल्यांदा मांडलं, तेव्हा उधळपट्टी म्हणून त्यांनी ते हाणून पाडलं. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनीच ते बांधलं, फीत कापली, आणि फीत कापतानाचा फोटो फ्रेम करायला माझ्याच दुकानात पाठवला. मी तो करून दिला. मग त्याच वाटेने संध्याकाळचं वाचनालय गेलं, म्हाताऱ्यांचा बसचा पास गेला, शाळेसमोरचे दिवे गेले. आमचा जाहीरनामा एकेक करत त्यांच्याकडे राहायला गेला आणि मागोमाग आमची माणसंही गेली.

बाजारातली भाजीवाली मला एकदा म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुम्ही मागता म्हणून ते देतात. तुम्हालाच निवडून दिलं तर मागायचं कोणी?" तिच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तिने मला जादा कोथिंबीरही दिली. मत तिने त्यांनाच दिलं.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझे यजमान पक्षाच्या स्थापनेपासून सोबत होते, तरी या बाबतीत आमचं कधी पटलं नाही. ते म्हणत, "काम झालं ना? मग नाव कोणाचं का लागेना." मी म्हणायची, "दुसऱ्याचं उचलणारा माणूस अर्धंच उचलतो." आणि तसंच झालं होतं. स्वच्छतागृह उभं राहिलं, पण किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी दुपारपासून घरी. बायका कुलूप बघून परत फिरायच्या. आम्ही ते मागितलं कशासाठी, हे उचलायचं राहून गेलं होतं. यजमान म्हणाले, "मग जाऊन सांग की त्यांना." मी म्हटलं, "मेले तरी जाणार नाही." शेवटी यजमानच नगराध्यक्षांकडे गेले आणि कुलूप निघालं. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

यजमान वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. हा वाद मी एकटीच चालवते, दोन्ही बाजूंनी. अलीकडे त्यांची बाजू जिंकायला लागली आहे आणि हे त्यांना सांगावं तर ते घरात नाहीत.

कलम ६. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमन एकटे राहत. त्यांच्या घरातून पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. टाकी भरत असतील, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. दार फोडलं तेव्हा पाणी उंबऱ्याशी आलं होतं आणि ते नळाजवळ पडलेले होते. लवकर कळलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर ज्यांनी दारोदार टपाल दिलं, त्यांच्या दारावर कोणी थाप मारली नाही. त्यात मीही आले.

त्यानंतर मी एक मागणी तयार केली. एकटं राहणाऱ्या ज्या कोणाला हवं असेल त्याच्या दारावर नगरपालिकेच्या पगारी माणसाने रोज सकाळी थाप मारावी. दार उघडेपर्यंत थांबावं, कारण गुडघे दुखणाऱ्याला वेळ लागतो. तोंड बघावं, दोन शब्द बोलावेत, पुढे जावं. दार उघडलं नाही तर कोणाला बोलवायचं, ते आधीच विचारून ठेवावं. माणूस शक्यतो रोज तोच असावा. फोनवर भागवू नये. फोनवर मीसुद्धा ठणठणीत असते.

आमच्या पक्षाचा चिटणीस हे ऐकून खुर्चीतून उठलाच. "काकू, हा आपला हुकमाचा पत्ता! निवडणुकीपर्यंत तोंडातून काढू नका, नाहीतर इस्त्री उद्याच जाहीर करतील." त्याचं चुकत नव्हतं. किती वर्षांनी आमच्याकडे असं काही होतं, जे त्यांच्याकडे नव्हतं. मी ते मुठीत झाकून ठेवलं.

मग एका सकाळी मी न्हाणीघरात घसरले. फार लागलं नाही, पण उठता येईना. फरशीवर पडल्या पडल्या बाहेरची वर्दळ ऐकू येत होती, सायकलच्या घंटा, समोरच्या फ्रेमवाल्याची ठोकाठोक. मी हाका मारल्या. आवाज दुकानापर्यंतही पोचला नसावा. शेवटी नळाला धरून कशीबशी उठले. मला फार भीती वाटली. मरणाची नव्हे, तिथे तशीच पडून राहण्याची. त्या वेळी दारावर इस्त्री आले असते, तर मी त्यांनाही मत दिलं असतं.

सबब, ही मागणी मी नगराध्यक्षांना देते. नाव त्यांचं, फोटो त्यांचा. अट एकच, की अख्खी उचलावी. चिटणीस विचारतो, मग आपल्याकडे काय उरलं? आपल्याकडे पुढचं शोधण्याचं काम उरलं. ते त्यांना कधीच जमलेलं नाही.

कलम ७. वकीलबाईंनी मसुदा वाचून दोन हरकती काढल्या. पहिली, मागणी ही मालमत्ता होत नाही. ती मी सोडून दिली. दुसरी मात्र लागली. "मावशी, हे तुमच्या पश्चात उघडणार. तोवर ही मागणी बंद लिफाफ्यातच राहणार की." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतः जाऊन सांगणं अजून जिवावर येतं, म्हणून मी नगराध्यक्षांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे आणि सही करण्यापूर्वी साक्षीदाराने सगळं वाचावं असा माझा आग्रह आहे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही म्हणे, तेव्हा कलम सहा कायद्याने बाद. होऊ दे बाद. दिलेलं घ्यायची त्यांना सवयच नाही. नेहमीसारखं उचलून न्यावं.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिवस: सोमवार, नगरपालिकेच्या निवडणुकीला दोन वर्षं बाकी असताना.

सही: फ्रेमवाली

साक्षीदार १: पक्षाचा चिटणीस. त्याला यात काही ठेवलेलं नाही, म्हणून तो पात्र आहे. सही केली, माझ्याकडे बघितलं नाही.

साक्षीदार २: नगराध्यक्ष. पुढचं मी सही झाल्यावर, वकीलबाई नको नको म्हणत असताना लिहीत आहे. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्येच चष्मा पुसला. मग विचारलं, "वहिनी, दार उघडायला तुम्हाला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, बराच लागतो.

"थांबेन," म्हणाले.