गादीच्या कारखान्यात भरलेली उसण

तीर्थस्वरूप मामांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (या वेळी अगदी शब्दशः. पालथा पडूनच लिहितोय, अक्षर उताराला लागलंय ते त्यामुळे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

गादीच्या कारखान्यात माझ्या कमरेत उसण भरली, हे तुमच्या भाचीने कळवलंच असेल. डबल गादी ट्रकवर चढवताना गादी वर गेली आणि मी खाली. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलणं विसरा. मला उचलण्याखेरीज काही येत नाही (हे तुम्ही लग्नातच ओळखलं होतंत), तेव्हा नोकरी सोडायचं ठरवून भत्त्याच्या कचेरीत गेलो. आजाऱ्यांची खिडकी वरच्या मजल्यावर आहे. (जो जिना चढून येतो तो आजारी कसला, असा त्यांचा विचार असावा.) खिडकीतल्या बाई मात्र सज्जन. म्हणाल्या, "नोकरी आहे तोवर आजारपणाचा भत्ता मिळेल. स्वतःहून सोडलीत तर बेकारीचा भत्ता अडकेल. मालकांनी काढलं तर प्रश्न नाही. नाहीतर, हे काम झेपणार नाही अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पण आधी चिठ्ठी, मग राजीनामा. उलटं करू नका."

डॉक्टर नेमके रजेवर (त्यांचीही कंबर). म्हणून मालकांनीच मला हाकलावं यासाठी कारखान्यात गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "तुमच्या गादीवर म्हैससुद्धा झोपणार नाही." मालकांना गहिवरून आलं. खरं बोलणारा माणूस त्यांना म्हणे आजच भेटला. त्यांनी मला तिथल्या तिथे गाद्यांचा तपासनीस केलं. नुसतं पडून राहायचं, असं मला वाटलं. गादी तपासायची म्हणजे तिच्यावर उडी मारायची, हे मुकादमाने नंतर सांगितलं. मारली. मी जो ओरडलो, त्यावर मालक म्हणाले, "म्हणजे जरा कडक आहे." त्या कळेतच, आडव्या आडव्या, मी राजीनामा लिहून दिला. थोडक्यात, उलटं केलं.

असो. वडीलधाऱ्यांची माया आहे तशीच राहावी, या महिन्यात जरा जास्त राहावी.

आपला,
जावई

ता. क. राजीनाम्याचं हिला सांगितलेलं नाही. मला बढती मिळाली, एवढंच तिला माहीत आहे आणि ते तिने अख्ख्या गल्लीला सांगून झालंय.

ता. क. २. तर मामा, तुम्ही दोन दिवस येऊन जा आणि तुम्हीच तिला सांगा. तुमच्यासमोर ती आवाज चढवत नाही. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट नीट चिकटवलंय.

ता. क. ३. मामा, हे मी लिहितेय. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. तुम्ही गुडघा घेऊन धावपळ करू नका. मालक त्याच संध्याकाळी घाबरून घरी आले होते, हे झोपले होते. राजीनामा मी परत घेतलाय. डॉक्टर कामावर आलेत, त्यांची चिठ्ठीही आणलीय. आता आधी ती देऊ, मग राजीनामा. पण यांना काही कळवू नका. स्वतःच्या तोंडाने कधी सांगतात, ते मला बघायचंय.