मागूर बाहेर आला
मानवत, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

लेक कुसुम राणीसावरगावला नांदायला गेल्यापासून तिची माशांची काचेची पेटी सुनीच होती. आज शाळेतून येताना भोयाकडून दोन लहान मागूर आणले. त्यांचं भांडं आधी पेटीतल्या पाण्यात तरंगत ठेवलं, मग थोडं थोडं पाणी मिसळलं. कुसुम असंच करायची. मागूर उडी मारतात, म्हणून वर जाळी बांधली. एवढं करूनही दोघे पेटीतल्या फुटक्या मडक्याआड जाऊन बसले. माझं काही चुकलं का? तासभर त्या मडक्याकडेच बघत होतो.

शेवटी एक बाहेर आला, मिशा हलवत. मी ओरडलोच, “कुसुम, अगं लवकर ये!”

भिंतीपलीकडून शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, “गुर्जी, कुसुम सासरी हाय की आता.”

“विसरलोच,” म्हणालो. विसरलो कुठं?