नकाशे कापलेली गढी

प्रिय जोलीन,

पाकिटावरचा तुरुंगाचा शिक्का बघूनही तू हे फोडलंस, म्हणजे आता पुरतं वाचशीलच. आईच्या अंत्यविधीनंतर आपण एकमेकांना एक ओळही लिहिली नाही. मला तेव्हा सोडलं नाही आणि सगळं तू एकटीनं निस्तरलंस. मार्चमध्ये पॅरोल मंडळापुढे माझ्या सुटकेची सुनावणी आहे, हेही तुझ्या कानावर आलं असेल. त्याबद्दल नंतर. आधी एका पुस्तकाबद्दल लिहितो, कारण तेवढंच लिहिण्याचं बळ आहे.

ऑक्टोबरात मला टपालानं ते पुस्तक आलं. इथे घरून पुस्तक पाठवता येत नाही, दुकानातूनच नवंकोरं यावं लागतं, त्यामुळे कुणी पाठवलं ते कळायला मार्ग नाही. चिठ्ठी नाही, नाव नाही. ‘मुक्या घंटेची गढी’, नवी आवृत्ती. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायच्या आपल्या त्या फाशांच्या खेळाची हीच छापील मोहीम तू मला चौदाव्या वाढदिवसाला आणली होतीस, आठवतं? तळघरात खेळ चालवणारा, म्हणजे गोष्ट रचून सांगणारा, मी मोठा शहाणा. तयार मोहिमा चालवणं म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या, असं मी तुला ऐकवलं. तूही काही कमी नव्हतीस. म्हणालीस, तुझ्या स्वतःच्या गढ्यांत दर वेळी एकच राक्षस असतो आणि तो आपल्या गणिताच्या मास्तरसारखा बोलतो. त्यावर आई वरून ओरडली की दोघं भांडणार असाल तर निदान धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता भांडा.

तुझंच खरं होतं गं. इथे मी वर्षानुवर्षं दर रविवारी दुपारी जेवणघरातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर खेळ चालवतोय, सगळं डोक्यातून काढून. आता डोकं आटलंय. मी रचलेल्या प्रत्येक गावाला आपोआप कुंपण येतं. गोष्टीतल्या सराईमधला भटारी इथल्या भटाऱ्यासारखाच खेकसतो. म्हणून ते पुस्तक हातात आलं तेव्हा मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. दाराआड काय आहे ते दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय, मी फक्त चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचायचा. रोज रांधून कंटाळलेल्या बाईला कुणी वाढलेलं ताट द्यावं, तसं वाटलं. शेवटी एक पुरवणी आहे, गावातल्या अफवांची. माझ्यासोबत खेळणारी पोरं त्या अफवांवरच खूश. पहिल्या दिवशी ट्रेमेन मला म्हणाला, हे तू लिहिलं नाहीस ना, मग बरंच आहे.

ट्रेमेन म्हणजे माझ्या शेजारच्या कोठडीतला, पंचविशीचा, जिभेला हाड नाही. खेळात तो धर्मगुरू असतो. चोर हो म्हटलं तर म्हणतो, नको बाबा, त्याच्यापायीच तर इथे आलो. चोर होतो तो लॉयड, सत्तरीचा, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. फासे इथे जुगार म्हणून चालत नाहीत, म्हणून आम्ही आकड्यांच्या चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या पिशवीतून काढतो. खेळून झालं की नूडल्स नि चीजची बिस्किटं चुरून, गरम पाणी ओतून, एकाच पिशवीत कालवून खातो. तू नाक मुरडशील, पण रविवार त्याच्यावर निघतो.

आता घोटाळा ऐक. पुस्तक माझ्या हाती आलं ते कापलेलं. टपाल तपासणाऱ्यांनी गढीचे सगळे नकाशे पात्यानं कापून काढले होते, कारण कैद्याजवळ नकाशा असता कामा नये. मी जाऊन सांगितलं, साहेब, या गढीत राक्षस राहतात, तिथे पळून जाऊन कुणाचं भलं होणार आहे? साहेब म्हणाले, नकाशा तो नकाशा, पुढे चला. म्हणजे बघ, अकरा नंबरच्या खोलीत काय आहे, बारात कोण लपलंय, सगळं पुस्तकात छापलेलं. पण अकरातून बारात जायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नाही. आयतं मिळालं म्हणून हात झटकायला गेलो नि गढी बांधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मला नवीन काही सुचेना. मग मी आपलं घर, जिथे आता तू राहतेस, ते घातलं त्यात. कागदावर काढायची सोय नाही, पण ते घर मला डोळे मिटून चालता येतं. गढीचं मागचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. तिसरी पायरी करकरते नि खालचे पहारेकरी जागे होतात. वरून मळके कपडे तळघरात टाकायचं आपलं ते भुयार, ज्यात तू एकदा कमरेपर्यंत अडकली होतीस, त्यातून लॉयड घसरत उतरला आणि थेट भट्टीमागे राक्षसांच्या मांडीवर. टेबलावर इतकं हसू फुटलं की तुरुंगाचा खराखुरा पहारेकरी बघायला आला. ट्रेमेन मला म्हणाला, म्हाताऱ्या, ही गढी कुणी बांधली रे, वेडा होता का? मी म्हटलं, माझ्या आजोबांनी, आणि होय.

चौदा नंबरच्या खोलीत ती मुकी घंटा आहे. मोहीमच तिच्यासाठी. खोली कुठे ठेवायची याचा मी फार विचार केला नाही. जिना चढून गेल्यावर समोरची, ती दिली. माझी. आणि तिथेच सगळं अडलंय. पोरं दाराशी येऊन उभी आहेत आणि मला दार उघडवत नाही. पुस्तकात आत काय आहे ते लिहिलंय, वाचून दाखवलं की संपलं. पण तोंड उघडलं की वाटतं, मला काय माहीत आत काय आहे? माझी खाट आहे का? तुझं शिवणयंत्र? तुझा मुलगा ओवेन झोपतो का तिथे? आता उंच झाला असेल. त्याला मी कोण म्हणून माहीत आहे, की नाहीच? मग मी आणखी दोन राक्षस जिन्यावर सोडतो. लॉयडनं परवा पिशवीतून वीस काढला, सगळ्यात मोठा आकडा, कुलूप उघडायलाच हवं होतं. मी म्हटलं, कुलूप जादूचं आहे. तो चिडला. म्हणाला, वेंडेल, असले जादूचे नियम सरकार काढतं, तू नको काढू. फेब्रुवारीत त्याला दवाखाना असलेल्या तुरुंगात हलवणार आहेत. त्याआधी त्याला घंटा बघायचीय.

जोलीन, ज्या गुन्ह्यासाठी मी इथे आहे, त्या पेट्रोल पंपावरच्या माणसाबद्दल मी काही मागत नाही, माफीसुद्धा नाही. पुस्तक तू पाठवलंस की नाही तेही विचारत नाही. नसशील पाठवलं तर हे पत्र चुकून आलं समज. पण सुनावणीच्या अर्जात सुटल्यावर कुठे राहणार ते लिहावं लागतं, आणि ती ओळ मी कोरी ठेवलीय. ग्रीन बे शहरात सुटून आलेल्यांचं वसतिगृह आहे, तिथे एक खाट मिळेल, माझं काही अडणार नाही. खरंच नाही. मी थकलोय एवढंच, आणि मला घरी यायचंय. तू फक्त एवढं लिही की जिन्यासमोरच्या खोलीत आता काय आहे. ओवेनचं सामान असेल तर तसं लिही, मी घंटा दुसऱ्या खोलीत हलवीन, नकाशा माझाच आहे. रिकामी असेल तर तेही लिही. लॉयडला सांगितलंय, टपाल येईपर्यंत दाराशीच थांब. तो थांबलाय.

तुझाच,
वेंडेल