आईच्या मक्याचं बी

वारजे, पुणे
१५ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. तुझ्याकडचं आईच्या मक्याचं बी किड्यांनी पोखरलं. आता तो लाल दाणा काय तो माझ्या गच्चीवरच्या पिंपांतच उरलाय. आणि काल पश्चिमेचा वारा असा सुटला, की कमरेएवढी रोपं आडवी झाली. एक पिंप कठड्यावर कलंडलं. सोसायटीचे सेक्रेटरी विक्रमराव म्हणाले, सातव्या मजल्यावरून ते खाली गेलं असतं तर कुणाचा तरी जीव गेला असता. पुन्हा असं झालं तर सगळं उतरवा. त्यांचं चुकलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. तुझ्या भाच्याने, अवधूतने, पिंपं मधोमध ओढली. माती ओली होती तोवर मी रोपं उभी करून काठ्यांना बांधली. पुढे काय करू, ते कळव.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
तुझी कुसुम

दारव्हा
२३ जुलै २०२४

चि. कुसुम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आडवी पिकं मी पुष्कळ पाहिली, पण तेव्हा पुढच्या सालचं बी घरात असायचं. बुंध्याशी मातीची भर घाल. वरून फुटणारी मुळं तीत रुततात. पश्चिमेला जाड फ्लेक्स भिंतीसारखा ताणून बांध. वारा आत शिरलाच नाही तर पाडील काय? तुझी वहिनी म्हणते, शेती मी आता पत्रातूनच बरी करतो. तिकडे लक्ष देऊ नकोस.

खुशाली लिहीत जा.
तुझा दादा, रंगराव

वारजे, पुणे
११ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मातीची भर उत्तम, तुझा फ्लेक्स पार फसला. वारा त्यावरून उडी मारून आत गरगरला आणि तीन रोपं मोडली. मी जिन्यात बसून रडले. मग जिन्याच्या खिडकीतून शेजारच्या पूर्णिमाच्या बाल्कनीतल्या कुंड्या दिसल्या. तिच्या हिरव्या जाळीमागे पानं नुसती डुलत होती. वारा अडवला की उसळतो. जाळीतून गाळला की दमतो. फ्लेक्स काढून जाळी लावली. पिंपं दाटीने चौकोनात मांडून एकमेकांना बांधली. विक्रमरावांनी प्रत्येक पिंप हलवून पाहिलं आणि काही न बोलता खाली गेले. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

राग नसावा, लोभ असावा.
तुझी कुसुम

वारजे, पुणे
२९ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो, दादा. मागच्या महिन्यात भर दुपारी वादळी वारा आला. पार्किंगचे पत्रे उडाले, कर्वेनगरकडे झाडं पडली. वारा थांबल्यावर मी धावत वर गेले. मका झोडपला गेला होता, वाकला होता, पण सगळा उभा होता. आज कणसं सोलली. टोकापर्यंत भरलेली, लालभडक. विक्रमरावांनी स्वतःहून बी मागितलं. अवधूत दसऱ्याला तुझा वाटा घेऊन येतोय.

घरच्या सगळ्यांना गोड आठवण.
तुझी कुसुम

दारव्हा
२७ ऑक्टोबर २०२४

चि. कुसुम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फ्लेक्सचा सल्ला मी कधी दिलाच नव्हता, असं गावात सांगून ठेवलंय. तुझ्या वहिनीने बी ओंजळीत घेऊन आधी देवापुढे ठेवलं. मग म्हणाली, सासूबाई घरी येऊन गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच दिवशी पेरलं. आज सकाळी वाफ्याभोवती फिरलो. सगळा उगवलाय, कुसुम. हिरवागार.

दिवाळीला घरी ये.
तुझा दादा, रंगराव